बैठकीवरील जागा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासाचा विषय घेण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात अंबा नदीवरचा जुना दगडी पूल असावा, किंवा मुंबईहून खाडीवाटे या बंदराला लागणाऱ्या गलबतांचा काळ असावा. ते विषय आमच्याही आवडीचे आहेत आणि त्यांवर बोलणारी आमच्याहून जाणती माणसे या गावात आहेत. आज मात्र आम्ही थोडा आडवळणाचा विषय घेतला आहे. चार लोकांसमोर वाद्य घेऊन बसण्याचा अधिकार कोणाला असतो, तो कोण देतो आणि कोण काढून घेतो, हा तो विषय होय. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे स्वतंत्र प्रकरण क्वचितच आढळते. परंतु कायद्याच्या कलमांत, नाटक मंडळ्यांच्या हकीकतींत आणि आपल्या बाजारपेठेतील रोजच्या वागण्यात तो जागोजाग विखुरलेला आहे.

सुरुवात एका बैठकीपासून करतो. गेल्या माघ महिन्यात एका स्नेह्यांच्या माडीवर आम्ही सात-आठ मंडळी रात्री जेवणे उरकून जमलो होतो. त्यांत कीर्तनात पेटीची साथ करणारे एक वृद्ध गृहस्थ होते, एक निवृत्त शिक्षक होते, पेठेतले एक दुकानदार होते आणि कॉलेजात जाणारी दोन मुले होती. पाश्चात्य अभिजात संगीताचे ज्ञान आमच्यापैकी कोणालाच नव्हते. यजमानांनी पियानोच्या वादनाचे ध्वनिमुद्रण लावले. वादकाचे नाव त्यांनी मुद्दामच सांगितले नाही. रचना जर्मन संगीतकार बाख याची, 'गोल्डबर्ग' या नावाने ओळखली जाणारी, आणि पियानोसाठी ती बुसोनीने बेतलेली, एवढेच सांगून दिवा मंद केला.

प्रथम एक संथ चाल आली. मग तीच चाल निरनिराळ्या वेषांत येऊ लागली. कधी धावती, कधी नाचरी, कधी दोन गळे एकमेकांचा पाठलाग करीत आहेत अशी. पेटीवाले आजोबा डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "वर काहीही चालू दे, खालचा सूर हललेला नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. बाखने ही तीस चलने एकाच खालच्या स्वरपंक्तीवर रचली आहेत. कानाने हे ओळखायला पाश्चात्य शिक्षण लागत नाही, साथीला बसलेला जन्म लागतो. शेवटी पहिली चाल परत आली, पण या वेळी अंगावरचे दागिने उतरवून ठेवल्यासारखी साधी. वादन संपले तरी काही क्षण कोणी बोलले नाही. ज्या वाद्याशी आपला काही संबंध नाही असे आम्ही समजत होतो, त्याने आम्हांस तासभर खिळवून ठेवले होते.

पियानोविषयी दोन शब्द सांगणे येथे अवश्य आहे. सन १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य सिद्ध केले. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आत लोकरीच्या नमद्याने मढविलेला लहान हातोडा तारेवर आपटतो आणि मागे येतो. पेटीत भाता चालेल तोवर स्वर टिकतो. पियानोचा स्वर मात्र उमटल्या क्षणापासून विझू लागतो. तेव्हा पियानोवादकाचे सारे कौशल्य, विझणारे स्वर एकापुढे एक ठेवून अखंड गाणे चालले आहे असा भास निर्माण करण्यात असते. हे बोटांचे आणि मनाचे काम आहे. गळ्यावरून बाई की पुरुष हे ओळखता येते. हातोडी तारेवर पडली तर ती कोणाच्या बोटाने पडली, हे तार सांगत नाही.

म्हणूनच पुढे जे झाले ते आम्हांस महत्त्वाचे वाटते. यजमानांनी दिवा मोठा केला आणि सांगितले की, वाजविणाऱ्या बाईंचे नाव सारा डेव्हिस ब्युक्नर. या अमेरिकन बाई पारलिंगी आहेत, म्हणजे जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगा अशी झाली होती, आणि त्याच नोंदीवर त्या चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत पुरुषाच्या नावाने वाजवीत होत्या. खोलीतली हवा बदलली. दुकानदार गृहस्थांनी विचारले, "म्हणजे आपल्याकडे टाळी वाजवत येतात, तसल्या?" शिक्षक काहीसे चाचरत म्हणाले, "मग आपण जे ऐकले ते त्याचे की तिचे?" मुले हसली आणि लगेच गप्प झाली. आजोबा मात्र म्हणाले, "पुन्हा एकदा लावता का?"

आमच्याविषयी खरे सांगावयाचे तर, आम्हीही त्या क्षणी मनातल्या मनात ऐकलेले वादन पुन्हा तपासू लागलो होतो. एक तास जे कान तृप्त होते, ते एका माहितीने अस्वस्थ झाले. स्वरांत तर काहीच बदललेले नव्हते. मग बदलले काय? या प्रश्नाचा पाठलाग करीतच आम्ही आजच्या विषयापर्यंत आलो.

ब्युक्नरबाईंची हकीकत थोडक्यात अशी. त्यांचा जन्म १९५९ चा, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातला. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत त्यांनी रुडॉल्फ फिर्कुश्नी या थोर वादकाजवळ शिक्षण घेतले. १९८४ मध्ये त्यांनी जिना बाखाउर स्पर्धा जिंकली आणि १९८६ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. मोठमोठे वाद्यवृंद त्यांना बोलावीत होते. १९९८ च्या सुमारास त्यांनी आपण स्त्री असल्याचे उघडपणे सांगितले आणि सारा हे नाव धारण केले. त्यानंतर आमंत्रणे झपाट्याने आटली. शिकविण्याची नोकरीही अनेक ठिकाणी मिळेना. पुढे २००३ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने त्यांना अध्यापक म्हणून घेतले. २०१६ पासून त्या फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात शिकवू लागल्या, आणि मैफलींचे दिवस हळूहळू परत आले. आपली ही सारी कहाणी त्यांनी रंगमंचावर पियानो वाजवीत स्वतःच सांगितली आहे. बोटे तीच, वाद्य तेच, पदकेही तीच. मधली काही वर्षे दारे बंद होती ती ऐकणाऱ्यांच्या बाजूने.

आता कोणी म्हणेल की ही परदेशची गोष्ट झाली. तेव्हा आपल्या घराकडे वळू.

आपल्याकडे इंग्रजी अमलाच्या आधी या लोकांची स्थिती काय होती, याचा काही पुरावा मराठी राज्यांच्या व मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांत सापडतो. मराठी राज्यकर्त्यांनी हिजड्यांपैकी काहींना गावोगाव ठराविक नाणे अथवा धान्य मागण्याचा हक्क दिलेला होता. काहींकडे इनाम जमिनीही होत्या. असा हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे आणि सरकार तो मानीत असे. ही स्थिती सुखाची होती, असा आमचा दावा नाही. मागून खाण्याचा हक्क हा काही मोठा सन्मान नव्हे. तथापि तो लेखी हक्क होता, आणि ज्याच्या नावे हक्क आहे तो माणूस राज्याच्या वहीत माणूस म्हणून नोंदलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हे हक्क सार्वजनिक नीतीस बाधक ठरवून पुढे चालविण्याचे नाकारले. वहीतले नाव गेले.

त्यापुढचे पाऊल उत्तर हिंदुस्थानात पडले. १८७१ चा २७ वा कायदा 'गुन्हेगार जमातींचा कायदा' म्हणून कुप्रसिद्ध आहे. पारधी, कैकाडी आदी जमातींचा त्या धोरणाने पुढे किती छळ झाला, हे आपण जाणतो. परंतु त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यात त्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसू नये, नाचू नये, वाद्य वाजवू नये, लोकांपुढे कोणत्याही खेळात भाग घेऊ नये, पैसे घेऊन खाजगी घरीही वाजवू नये. तसे केल्यास वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. श्रोतेहो, वाद्य वाजविणे हा शब्दशः गुन्हा ठरविणारे हे कलम होते. हा भाग १९११ मध्ये गळला. पण १३२९ फसली, म्हणजे इसवी सन १९१९ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाने जवळजवळ याच घाटाचा कायदा केला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. संस्थान गेले, राज्ये बदलली, तरी तेलंगणात तो कायदा पुस्तकात राहिला. तेथील उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. शंभरांहून अधिक वर्षे!

आता हेच १९१९ साल मराठी रंगभूमीच्या इतिहासात शोधा. त्या वर्षी फेब्रुवारीत बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने गडकऱ्यांचे 'एकच प्याला' प्रथम रंगमंचावर आणले आणि सिंधूची भूमिका केली बालगंधर्वांनी. एका राज्यात स्त्रीवेशात गाणाऱ्याला कैद सांगितली जात होती, त्याच वर्षी दुसऱ्या राज्यात स्त्रीवेशात गाणाऱ्यासाठी प्रेक्षागृह भरून वाहत होते. त्याही आधी, कायदा होऊन पुरी बारा वर्षे झाली नव्हती तोच, किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन गात होते.

येथे गैरसमज नको. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, हे पुरुष होते, गृहस्थाश्रमी होते. नटाचे काम म्हणून ते स्त्री होत. त्यांना दुसरे काही म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आमचा मुद्दा प्रेक्षकांविषयीचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी पुरुषाच्या कंठातून आलेली स्त्रीची व्यथा ऐकून डोळे पुसले. आपल्या आजी-पणज्यांनी त्यांच्या लुगड्याची आणि अंबाड्याची नक्कल केली. त्यांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मराठी माणसाच्या कानाला आणि डोळ्याला हे कधीच अवघड गेले नाही. मात्र त्याने एक अट मनातल्या मनात घातलेली होती: भरतवाक्य झाले की रंग पुसला पाहिजे. ज्याचा रंग पुसला जात नाही, ज्याला ती भूमिका नसून तोच आपला जन्म आहे, त्याच्यासाठी आपल्याजवळ प्रेक्षागृह नव्हते.

त्याच्यासाठी आपण देऊळ ठेवले, तेही अर्धवट. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत आजही दिसतात. त्यांच्या हातात चौंडके असते: एका बाजूस चामडे मढविलेले लाकडी नळकांडे, आतून निघालेली तात, आणि ती ताणून सैल सोडून काढलेले सूर. पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. ताण किती द्यावा हे हातालाच ठाऊक. एका तातेवर रात्रभर गाणे उभे करणारी ही विद्या आहे. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतून हे जग मराठी वाचकांपुढे आणले आणि २००९ मध्ये आलेल्या 'जोगवा' या चित्रपटाने ते घरोघर पोहोचविले. पण जोगत्याला आपण वादक म्हटले का? परडीत पीठ घातले, पाया पडलो, आणि संगीताच्या सभेचे आमंत्रण दुसऱ्याला धाडले.

ज्यांना बैठकीवर जागा नव्हती असे हे एकटेच नव्हेत. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज म्हणविणाऱ्या समाजात बाईने लोकांसमोर गाणे हेच लाजिरवाणे समजत. हिराबाई बडोदेकर तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत पुरुष गवयाप्रमाणे बसून गाऊ लागल्या, तेव्हा केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. आज त्या गोष्टीचे नवल वाटत नाही, कारण हिराबाईंनी गाणे सोडले नाही आणि काही रसिकांनी पुढच्या रांगेत बसण्याचे धैर्य दाखविले. फार काय, वाद्येदेखील या वनवासातून सुटली नाहीत. पेटी परदेशातून आली, मींड निघत नाही म्हणून तिला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बाहेर ठेवले. आणि त्याच काळात गावोगावच्या कीर्तनांत, भजनांत तिच्यावाचून पान हलत नव्हते. आमचे पेटीवाले आजोबा हे सांगताना अजून रागावतात.

अलीकडच्या काळात कायद्याचा काटा फिरला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली. त्या दाव्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी पुढे उभ्या होत्या. त्या स्वतः भरतनाट्यम् शिकलेल्या आहेत. २०१९ मध्ये संसदेने यासंबंधी कायदा केला. त्याच वर्षी तमिळनाडूच्या नर्तकी नटराज या भरतनाट्यम् नर्तिकेला पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ती कर्नाटकच्या मंजम्मा जोगती यांना मिळाली. मंजम्मांनी जोगती नृत्य आणि गाणे देवीच्या जत्रेतून उचलून सभागृहात नेले आणि त्या कर्नाटकच्या जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. राष्ट्रपतींसमोर गेल्यावर त्यांनी आपल्या पदराने त्यांची दृष्ट काढली, हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. सौंदत्तीची देवी तीच, परंपरा तीच. फरक इतकाच की, कोणी तरी त्यांना कलावंत म्हणून व्यासपीठावर बोलाविले होते.

आणि आता, ज्यासाठी आम्ही एवढा फेरा घेतला ती गोष्ट सांगतो. ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, म्हणूनच ती शेवटी ठेवली.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका उत्सवात कार्यक्रमाची पत्रिका ठरविणाऱ्यांत आम्ही होतो. सायंकाळी पेठेत पैसे मागून परतणारी एक तृतीयपंथी व्यक्ती मांडवाशी थांबली. तिने अदबीने विचारले, "दादा, मला एक अभंग म्हणू द्याल का? लहानपणी आमच्या गावच्या भजनात मी म्हणत असे." आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि सांगितले की पत्रिका भरली आहे. ती "बरं" म्हणाली. पण गेली नाही, कर्ण्याच्या खांबापाशी उभी राहिली. त्या संध्याकाळी एक वक्ते वेळेवर पोहोचू शकले नाहीत. वीस मिनिटे रिकामी गेली. ती आम्ही वर्गणीदारांची नावे पुन्हा वाचून आणि सायकली नीट लावण्याच्या सूचना देऊन भरून काढली. ती सगळे पाहत होती. मग ती केव्हा निघून गेली, ते आम्हांस कळले नाही.

त्या वेळी आम्हांस त्यात काही गैर वाटले नव्हते. कोणी दुखावले नाही, कोणाला हाकलले नाही, उलट एक नाणेही पुढे केले. माघातल्या त्या रात्री ब्युक्नरबाईंचे वादन ऐकून घरी जाताना ती वीस मिनिटे आम्हांस आठवली. १८७१ चे कलम लिहिणाऱ्या साहेबावर रागावणे सोपे आहे. आमच्याजवळ कलम नव्हते, पोलीस नव्हता. फक्त पत्रिका होती, आणि जे कलमाने केले तेच आम्ही पत्रिकेने केले. तिचा आवाज कसा होता, हे आम्हांस आजही ठाऊक नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी नवे विचार समोरासमोर ऐकावेत म्हणून. तिच्या अनुकरणाने गावोगाव अशी व्यासपीठे उभी राहिली. सरकार हक्क देते, न्यायालय मान्यता देते; पण नागोठण्याच्या व्यासपीठावर कोण बसेल हे दिल्लीत ठरत नाही. ते येथे, पाच-सात माणसांच्या बैठकीत, चहा पिता पिता ठरते. ब्युक्नरबाईंची दारे बंद झाली तीही अशाच बैठकांत आणि उघडली तीही अशाच.

म्हणून चालकांपाशी आमची एक मागणी आहे. पुढील वर्षीच्या मालेत एक सायंकाळ संगीतास द्यावी आणि तीत एखाद्या जोगत्याचे चौंडके किंवा एखाद्या तृतीयपंथी गायिकेचे भजन ठेवावे. दयेचा कार्यक्रम म्हणून नको. इतरांना जे मानधन देता तेच द्यावे, जी बैठक घालता तीच घालावी, आणि परिचय करून देताना नाव सांगून विद्या कोणाजवळ घेतली ते सांगावे, बस. साथीला पेटीवाले आजोबा बसणार आहेत. आम्ही त्यांना विचारून आलो आहोत. त्यांनी एवढेच विचारले की गाणार कोणत्या पट्टीत.

त्या दिवशी परत गेलेल्या व्यक्तीची चौकशी आम्ही रोह्यात आणि पेणेत करीत आहोत. आपल्यापैकी कोणास ती भेटल्यास, पत्रिकेत जागा आहे असा निरोप द्यावा.